कणकेचा उंडा

(अकोला, जुनं शहर. मोर्णेच्या पुलापासून दोन गल्ल्या आत पत्र्याच्या धान्यकोठ्यांचं दुकान, त्याला लागूनच घर. सकाळ. दुकानमालक खुशालराव, वय शहात्तर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात परात घेऊन बसलेली त्यांची धाकटी बहीण दुर्गाबाई. आणि पहिल्या गाडीनं अमरावतीहून आलेली नात रागिणी.)

रागिणी : नाही आबा, तिकडं दारात बसून नाही जमायचं. असे माह्याजवळ या, ह्या पाटावर बसा. आज मी तुम्हाले एक आख्यान सांगते. अवघं ऐकायचं, मधात उठायचं नाही. आत्या, तुम्ही पण या.

दुर्गाबाई : माहे हात कणकेत आहेत. कान रिकामे आहेत. तू सांग.

खुशालराव : आख्यान? कारखान्यात पत्रे तपासतेस का कीर्तन शिकून राहिली तू?

रागिणी : तुम्ही दुसरं काही ऐकता का? दोन महिन्यांपासून फोन करून राहिली मी. ‘आबा, एक बोलायचं आहे’ म्हतलं, की ‘हो बाई, जेवली का, तब्येत सांभाळ’ म्हणता अन् ठेवून देता. म्हणून म्हतलं, कीर्तनच करावं. कीर्तनातून आबा उठत नाहीत.

खुशालराव : बरं बुवा. मंग रीतीनं कर. आधी नमन.

रागिणी : नमन रखुमाईले. आजीच्या गावच्या.

खुशालराव : हे बेस केलं. कौंडण्यपूरचीच ना माही मनकर्णा. रखुमाईचं अन् तिचं माहेर एक. भांडण झालं की म्हणायची, आमच्या गावची एक पोर द्वारकेच्या राजानं रथात घालून नेली, अन् माह्या नशिबी पत्रेवाला.

दुर्गाबाई : अन् तू म्हणायचा, रथ होता म्हणून गेली. सायकलवर नसती बसली.

खुशालराव : बसली होती माय. पुढच्या दांडीवर बसली होती. चाल, बुवा, पूर्वरंग.

रागिणी : एक होती पोट्टी. तिचा आबा कोठ्या करायचा. लहानपणी ती कोठीत बसून खेळायची. बाहेरून आबानं लाकडी मोगरी ठोकली की तिले वाटायचं, आभाळच वाजून राहिलं.

खुशालराव : अन् बाहेर निघ म्हतलं तं रडायची.

रागिणी : मोठी झाली, डिप्लोमा केला, अमरावतीच्या एमआयडीसीत लागली. तिथं कूलरच्या अन् कपाटांच्या बाजू करतात. सपाट पत्रा साच्यात दाबला की कड वळून, कोपरा निघून तयार. पोट्टीचं काम काय, तं दाबताना, वळताना पत्र्याच्या अंगावरचा थर टिकला का उडाला, ते पाहाचं. नवीनच लागली होती. काम समजायच्या आधी पगार झाला.

दुर्गाबाई : पोरी पहिल्या पगारात लुगडं आणतात, पेढे आणतात.

रागिणी : हिनं आबासाठी पत्रा आणला. कारखान्यातून रीतसर बिल करून, दोन मोठे ताव. करडा रंग, अंगावर चमक नाही, फुलं नाहीत, हात फिरवला तं मऊ. म्हणाली, आबा, तुमच्या त्या चमकत्या फुलाफुलाच्या पत्र्याचे दिवस गेले. हा पाहा. मोठ्या कंपन्यांले हाच जाते.

दुर्गाबाई : टेम्पोतून आणला होता, मिरवत. दादानं त्याले कुंकू लावलं. पत्र्याले! मी म्हतलं, हळद कोनाले लावू, टेम्पोले?

खुशालराव : तुले काय समजते. लक्ष्मी होती ती.

रागिणी : अन् त्या पत्र्याची पहिली कोठी आबानं कोनासाठी केली?

खुशालराव : पुरे झालं, रागी.

रागिणी : कीर्तनात कोनी ‘पुरे’ म्हणते का? सांगा, कोनासाठी?

खुशालराव : देवळासाठी. नांदगाव खंडेश्वरच्या पल्याड, आमच्या सप्ताहाच्या गावी. चाळीस वर्षं मी तिथं बुवांच्या मागं टाळ धरतो. म्हतलं, नातीचा पहिला पगार आहे, विठोबाच्या पंगतीचा गहू त्यात राहो. बस. झालं आख्यान.

रागिणी : नाही झालं. एक पावसाळा गेला अन् कोठीच्या घडीघडीवर गंज चढला. मधात पत्रा चांगला, पण जिथं जिथं वळवला तिथं लालभडक रेघ. खालच्या गव्हाले डाग. आबानं तिकडं निरोप धाडला, ‘हात गेला माहा.’ मोगरी खुंटीले टांगली. दुकान बंद. अन् तवापासून त्या गावी पाऊल नाही, कीर्तन नाही, टाळ नाही.

खुशालराव : हात गेला तं गेला. शहात्तर वर्षं झाले त्याले. लपवायचं काय त्यात?

रागिणी : आता उत्तररंग ऐका. तुमचा हात नाही गेला, आबा. त्या पोट्टीले अक्कल नव्हती.

खुशालराव : रागी...

रागिणी : मले बोलू द्या. दोन महिने पाठ करून राहिली मी हे. तुमचा चमकता पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचं पांघरूण. जस्त मऊ असते. पत्रा वळला तं तेही त्याच्यासंगं वळते, ताणलं तं ताणते. त्या करड्या पत्र्याले जस्त लावल्यावर पुन्हा भट्टीतून काढतात. खालचं लोखंड जस्तात चढते, दोन्ही एकजीव होतात. त्यावर रंग असा बसते, की नखानं निघत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या घेतात. पण तो थर कडक असते. हलकं, गोल वळवलं तं सोसते. तुम्ही कोठीची घडी मारता तशी चपटी दाबली, की घडीच्या बाहेरून तडे जातात, अन् आतून त्याचं पीठ होते. अन् बिनरंगाचा तसाच ठेवला तं लवकर गंजते. आमच्याइथं त्याले गोलाईनं वळवतात अन् वरून रंग देतात. मी तुम्हाले ना गोलाई सांगितली, ना रंग. मलेच माहीत नव्हतं. यंदाच्या दिवाळीनंतर सायबानं समजावलं, तवा ती कोठी आठवली. चूक माही आहे, आबा. तुमच्या हातानं ती सोसली.

खुशालराव : निरूपण चांगलं केलं. मनकर्णा असती तं तिनं तुह्या गळ्यात हार घातला असता. पण बाई, पन्नास वर्षं पत्र्यात घालवलेल्या माणसानं पत्रा ओळखावा. त्यानं नाही ओळखला, तं चूक त्याची. तू लेकरू. तुहं नाव यात कशाले?

दुर्गाबाई : ओळखला नाही म्हणे! दादा, उंड्याचं मी सांगू का तू सांगतो?

खुशालराव : दुर्गे, पोळ्या कर.

दुर्गाबाई : नाही करत. वर्ष झालं मी तोंड दाबून बसली आहे. पोरगी तिथून रडत आली, अन् हा देवासारखा पाटावर बसून ‘चूक माही’ म्हणून राहिला.

रागिणी : कोणता उंडा, आत्या?

दुर्गाबाई : तुह्या आजीची रीत. कोठी झाली की गहू भरायच्या आधी ती कणकेचा घट्ट उंडा करायची अन् आतून घडीघडीवर दाबत फिरवायची. कातरीचा कीस, पत्र्याचा कण, जे सुटं असन ते उंड्याले चिकटते. म्हणायची, माणसाच्या पोटात जाणार आहे, फुंकून भागत नाही. उंडा पांढरा निघाला तं कोठी द्यायची. नाही निघाला तं नाही द्यायची, गिऱ्हाईक दारात उभं राहो. ती गेल्यावर तीन वर्षं झाले, उंडा मी करून देते. त्या दिवशीबी दिला.

खुशालराव : दुर्गे.

दुर्गाबाई : पांढरा दिला, वापस आला तं करडा. पाटीवरच्या पेन्सिलीनं गिरवावं तसा. दुसरा दिला, तोबी करडा. तिसरा, जरा कमी. मी म्हतलं, दादा, हे का होय? तं मले म्हणते, ‘कोनाले सांगू नको. पोरीचा पहिला पगार आहे.’

रागिणी : आबा?

खुशालराव : दुर्गे, तुले पोळ्या करायले सांगितलं ना.

रागिणी : तुम्हाले माहीत होतं?

खुशालराव : चवथा उंडा पांढरा निघाला होता, बाई. देवाशपथ. नाहीतं मी देवळात दिली असती का? म्हतलं, नवा पत्रा आहे, अंगावर काही भुकटी असन, गेली ती. मले काय माहीत, की भुकटी गेली म्हणजे त्याचं पांघरूणच गेलं! ते पावसाळ्यानं शिकवलं.

रागिणी : मंग पावसाळ्यानंतर तरी मले सांगायचं.

खुशालराव : काय सांगू? तू इथं उभी होती, त्या तावाजवळ. डोळे असे चमकून राहिले होते तुहे. मीबी माह्या बापाले पहिल्या मजुरीतून जोडा आणला होता. त्याले एक बोट लहान झाला. मरेपर्यंत तोच घातला त्यानं, अन् कधी म्हणाला नाही की चावते. मी कसा म्हणू?

दुर्गाबाई : अन् मंग लंगडत बसला वर्षभर.

रागिणी : पण कीर्तन काहून सोडलं? कोठीचा राग कोनी धरला होता का तुमच्यावर?

खुशालराव : राग नाही धरला, तेच जड झालं. तिथं गेलो असतो तं कोनी ना कोनी इचारलं असतं, खुशालराव, असं कसं झालं? घरून निरोपात ‘हात गेला’ म्हणणं सोपं होतं. विठोबाच्या पुढ्यात उभं राहून, टाळ हातात घेऊन खोटं कसं बोलू? अन् खरं बोलू तं तुहं नाव घ्या लागते. दोन्ही जमेना. म्हणून नाही गेलो.

रागिणी : मी घेतलं नाव.

खुशालराव : काय केलं?

रागिणी : परवा ओमप्रकाशकाकांले फोन केला. तुमच्या भजनी मंडळाच्या. म्हतलं, पत्रा मी आणला होता, चूक माही आहे, आबांच्या हाताची नाही.

खुशालराव : अन् ते?

रागिणी : म्हणे, ‘बाई, गहू आम्ही तवाच चाळून घेतला, डागी होता तेवढा काढला. कोठीचं सोड. सोमवारपासून सप्ताह आहे. म्हाताऱ्याचा टाळ खुंटीवर आहे, कोनाले हात लावू दिला नाही. दुसरा एक गडी उभा केला, तं तो बुवांच्या पुढं पळते. खुशालरावाले आण.’

दुर्गाबाई : पाह्य! अन् हा इथं बसून स्वतःची तेरवी करून राहिला.

खुशालराव : थांब जराशी. डोळ्यात काही गेलं.

दुर्गाबाई : कणीक गेली असन. उडून.

रागिणी : चालता ना मंग? अन् कोठी पण नवी करून नेऊ. तुमच्याच चमकत्या पत्र्याची. तो मागं पडून आहे ना अजून?

खुशालराव : कोठी नाही जमायची.

रागिणी : आता काहून?

खुशालराव : आता खरंच गेला हात. पाह्य, इकडं पाह्य. थरथरते का नाही? वर्षभर ज्याले त्याले सांगितलं, हात गेला, हात गेला. हातानंबी ऐकलं ते. मोगरी खुंटीवरून काढायची हिंमत होत नाही, रागी. तुह्यासमोर खोटं नाही बोलत. भेव वाटते.

रागिणी : आबा, माही पिशवी द्या. ही पाहा, पट्ट्या आणल्या कापून. ही करडी, तुमच्या त्या तावाचीच भावंड. ही चमकती. अन् ही चिकटपट्टी. आमच्याइथं पत्रा कसा तपासतात ते दाखवते. आधी करडी. मीच मारते. खुंटीवरची मोगरी काढू का?

खुशालराव : काढ. अशी नाही, जरा वरून धर. मनगट सैल. हां.

रागिणी : झाली घडी? आता जराशी उघडायची. आतल्या अंगाले चिकटपट्टी लावायची, नखानं दाबायची, अन् ओढायची. पाहा.

दुर्गाबाई : अगं माय! करडी रेघ.

रागिणी : ही पट्टी आम्ही पांढऱ्या कागदावर डकवतो अन् रेघ किती काळी आली त्यावरून ठरवतो, हा पत्रा एवढं वळण सोसन का नाही.

दुर्गाबाई : मंग हे वेगळं काय? वहिनीचा उंडाच आहे हा! फक्त कणकेच्या जागी चिकटपट्टी. इकडं आण ती घडी. हा घे उंडा, दाब. ... पाह्य. तोच रंग.

रागिणी : खरंच.

दुर्गाबाई : हे शिकायले तू अमरावतीले गेली?

रागिणी : सहा महिने शिकली, आत्या. वहीत आकृत्या काढून. अन् घरात होतं. मी कोठीत बसून खेळत होती, अन् आजी बाहेरून म्हणायची, निघ वं, मले उंडा फिरवायचा आहे. मले वाटायचं, ती पोळी लाटते कोठीत.

खुशालराव : तिले शाळा नव्हती. पण डोळा होता.

रागिणी : आबा, आता ही चमकती. ही तुम्ही मारायची.

खुशालराव : नको.

रागिणी : तुमच्याच रीतीची घडी. पूर्ण. हात गेला असन तं उंडा सांगन. मी काही बोलणार नाही, अन् सोमवारी नुसते टाळ धरायले जाऊ. पण उंडा पांढरा आला, तं कोठी करायची. कबूल?

खुशालराव : लय लबाड आहे ही, दुर्गे. कोनावर गेली?

दुर्गाबाई : उंडेवालीवर. मार आता. पोळ्या खोळंबल्या माह्या.

खुशालराव : विठ्ठल... विठ्ठल... पट्टी धर, रागी. बोटं मागं घे. पाह्य, कसा हलून राहिला हात.

रागिणी : हलू द्या. मारा.

खुशालराव : विठ्ठल.

दुर्गाबाई : ... अजून एक.

खुशालराव : विठ्ठल. ... अन् हा शेवटचा, हलका. झाली.

रागिणी : आबा, उचलताना हलत होता. पडताना नाही हलला.

खुशालराव : नाही हलला?

रागिणी : नाही. घडी पाहा, सुतासारखी सरळ. आमची मशीन कधीमधी वाकडी मारते. आता उंडा तुम्हीच दाबा.

खुशालराव : माह्यानं पाहवत नाही. तू दाब. दुर्गे, ताजा दे, त्याले पाणी जास्त लागू देऊ नको.

दुर्गाबाई : मले शिकवू नको, चाळीस वर्षं कणीक मळते मी. घे, पोरी.

रागिणी : दाबला. बाहेरूनबी दाबते. पूर्ण फिरवते... आबा.

खुशालराव : सांग.

रागिणी : डोळे उघडा.

खुशालराव : पांढरा आहे?

दुर्गाबाई : पांढरा आहे रे, दादा. पोळी लाटता येईन, असा पांढरा.

खुशालराव : दे इकडं. हातात दे माह्या. ... हं. ... पहिलाच उंडा पांढरा निघाला.

रागिणी : मंग, कोठी?

खुशालराव : चार दिवस आहेत ना सोमवारले? होते कोठी. तुमची सुट्टी किती?

रागिणी : सोमवारपर्यंत. ‘तुमची’ काहून म्हणून राहिले मले?

खुशालराव : आता तू बुवा झाली ना. उत्तररंगासकट कीर्तन केलं. अन् ऐक, तो दुसरा करडा ताव आहे मागं, कापड गुंडाळून ठेवलेला. तो कोनाले देऊ नको.

रागिणी : तो फेकून द्या, आबा. मले त्याचं तोंड पाहायचं नाही.

खुशालराव : वा! पत्र्यानं काय केलं? तूच म्हतलं ना, गोलाईनं वळवलं तं सोसते, अन् रंग त्याच्या अंगावर जन्मभर बसते. कोठीचं झाकण करू त्याचं. झाकणाले घडी कुठं असते? कडेले जाड तार घालू, तिच्यावरून हळूच वळवू, अन् रंग तू दे. तुहा पगार विठोबाच्या पंगतीले लागला पाहिजे, मी त्याले कुंकू लावलं आहे. ज्याले जेवढं वळण झेपते, तेवढंच त्याच्याकडून मागावं. मी त्याच्याकडून घडी मागितली, हेच चुकलं.

दुर्गाबाई : अन् तू स्वतःकडून काय मागत होता वर्षभर?

खुशालराव : पाह्य, दुर्गीबी निरूपण करू लागली. कोनता रंग देशील, रागी?

रागिणी : निळा. आभाळासारखा. आतून वाजायचं तसा.

खुशालराव : निळा चालते. विठोबाले चालते. दुर्गे, पोळ्या झाल्या का? कारागिरांले भूक लागली.

दुर्गाबाई : अर्धी कणीक तुमच्या घड्यांले लागली. अर्ध्याच पोळ्या होतीन.

रागिणी : आबा, कोठी झाली की आतून उंडा मी फिरवू?

खुशालराव : तूच फिरव. माही पाठ आता वाकत नाही तेवढी. अन् एक मागणं आहे, बाई. तिकडं कारखान्यात तुमच्या कागदावर काय लिवता, कोनी तपासलं त्याचं नाव?

रागिणी : हो. तारीख, पत्र्याचा नंबर अन् तपासणाऱ्याचं नाव.

खुशालराव : तिथं तुहंच नाव लिव. मनकर्णेचं नको, ते सायेब लोक इचारतीन, ही कोन. फक्त ती चिकटपट्टी लावून ओढशील ना, ओढायच्या आधी, एक श्वासभर... तिले आठवत जाय.